इंजिनाचा श्वास आणि शौकिनांची तक्रार

गेल्या दोन व्याख्यानांत आपण अभिरुचीचा प्रश्न चित्र आणि संगीत यांच्या अंगाने पाहिला. आज तोच प्रश्न जरा आडवाटेला न्यायचा आहे. स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये गेली दहा-पंधरा वर्षं एक भांडण चालू आहे : इंजिन टर्बोचं चांगलं, की बिनटर्बोचं? या दुसऱ्याला इंग्रजीत नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड म्हणतात, म्हणजे आपला श्वास आपणच घेणारं. शौकीन मंडळी थोडक्यात एन.ए. म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

एक नमुना समोर ठेवतो. फेरारी कंपनीची ४५८ इटालिया नावाची गाडी होती. साडेचार लिटरचं, आठ सिलिंडरचं एन.ए. इंजिन, ताकद ५७० अश्वशक्ती, आणि ती मिळायची मिनिटाला ९००० फेऱ्यांवर. २०१५ साली तिच्या जागी ४८८ जीटीबी आली. हिचं इंजिन ३.९ लिटरचं, म्हणजे लहान, पण त्याला दोन टर्बो. ताकद ६७० अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे इंजिनाची पीळशक्ती, ५४० न्यूटन-मीटरवरून ७६० वर गेली. थांबलेल्या गाडीला शंभरचा वेग गाठायला आधी ३.४ सेकंद लागायचे, आता ३. कागदावर नवी गाडी जवळजवळ प्रत्येक रकान्यात सरस. आणि तरी जाणकारांपैकी पुष्कळांनी म्हटलं, काहीतरी गेलं.

आता हे "काहीतरी" म्हणजे काय? एक उत्तर असं, की ही सगळी हळहळ आहे. जुनं ते सोनं म्हणणारे सगळीकडे असतात. दुसरं उत्तर शौकीन स्वतः देतात, की एन.ए. इंजिन "शुद्ध" असतं आणि टर्बो ही भेसळ. मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. या एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी गुंतल्या आहेत, त्यातली एक खरी आहे आणि दुसरी नाही. त्या सोडवून दाखवायच्या, एवढंच आजचं काम.

आधी यंत्र समजून घेऊ, नाहीतर शब्दांचे बुडबुडे होतील. पेट्रोल जाळायला हवा लागते. पिस्टन खाली सरकतो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा वातावरणाच्या दाबाने आत शिरते. एन.ए. म्हणजे एवढंच. जेवढी हवा आत, तेवढंच पेट्रोल जाळता येतं, तेवढीच ताकद. मग अशा इंजिनातून जास्त ताकद काढायची तर? एक तर इंजिन मोठं करा, नाहीतर ते जास्त वेगाने फिरवा, म्हणजे दर मिनिटाला ते जास्त श्वास घेईल. म्हणून चांगली एन.ए. स्पोर्ट्स इंजिनं आठ-नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जातात. तो काही नखरा नाही, त्यांची गरज आहे.

टर्बोची युक्ती वेगळी. जळलेला गरम वायू सायलेन्सरकडे जातो तेव्हा पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग घेऊन जातो. त्याच्या वाटेत एक छोटं चक्र बसवायचं. ते मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच, की हा भाता हलवायला माणूस नाही, भट्टीतून निघणारी वाफच तो हलवते. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. सुरुवातीला तिचा उपयोग दिसला तो विमानांसाठी. उंचावर हवा विरळ, तिथे एन.ए. इंजिन धापा टाकतं. १९१८ साली अमेरिकेत पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच डोंगरावर विमानाचं इंजिन नेऊन टर्बोची परीक्षा घेतली होती. लडाखला खारदुंगला चढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो आणि बिनटर्बोची गाडी प्रवाशांइतकीच दमते.

रस्त्यावरच्या गाड्यांत टर्बो रुळायला वेळ लागला. त्याचं कारण हाच आपल्या वादाचा मूळ धागा आहे. टर्बोचं चक्र फिरायला धूर हवा. धूर वाढायला इंजिनाने जोर धरायला हवा. इंजिनाने जोर धरायला जास्त हवा हवी. आणि जास्त हवा टर्बो फिरल्यावर मिळणार. म्हणजे तुम्ही पाय दाबला की आधी काहीच होत नाही, आणि मग एकदम सगळं होतं. यालाच टर्बो लॅग म्हणतात. १९७५ सालच्या पोर्शे ९११ टर्बोचा यात इतका लौकिक झाला की तिला "विधवा करणारी" असं टोपणनाव पडलं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, वळणाच्या मध्यावर चालकाने पाय दाबलेला, ताकद येते ती वळण संपता संपता. घाबरून पाय काढला की मागची बाजू पुढे यायला बघते. तिथे तक्रार अभिरुचीची नव्हती, जिवाची होती.

आता डेव्हिड ह्यूमकडे येतो. १७५७ सालच्या अभिरुचीवरच्या निबंधात ह्यूम डॉन किहोते या कादंबरीतली एक गोष्ट सांगतो. सांचोच्या घराण्यातल्या दोघांना मद्याचं पिंप चाखायला बोलावलं. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण किंचित लोखंडाची. सगळे हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली.

या गोष्टीचं मोल असं, की "मला वाटतं" हे वाक्य प्रत्येक वेळी नुसतं स्वतःबद्दलचं नसतं. कधी कधी ते पिंपाबद्दल असतं. टर्बो लॅग ही अशी किल्ली आहे. ती घड्याळाने मोजता येते. शौकिनाचा पाय ज्या विलंबाची तक्रार करत होता तो विलंब खरोखर तिथे होता.

तुम्ही म्हणाल, सर, आता तो राहिलाय कुठे? बरोबर आहे. आजची चक्रं लहान, हलकी, दोन-दोन टर्बो, त्यात संगणकाची हुशारी. लॅग पुष्कळ कमी झाला. मग किल्ली काढून टाकल्यावरही चव का येते? इथे माझ्या मते विषय खरा रंगतो.

विलंबापेक्षा खोल असा आणखी एक फरक आहे, तो ताकदीच्या आकाराचा. एन.ए. इंजिनाची ताकद फेऱ्यांबरोबर चढत जाते आणि कळस अगदी वरच्या टोकाला. टर्बोमध्ये बहुतेक जोर खालीच हाताशी येतो आणि पुढे सपाट पठार. रोजच्या गाडीसाठी हे पठार वरदान आहे. खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या मागे अडकलेल्याला विचारा. पण चालवणं हाच ज्याचा हेतू आहे त्याच्यासाठी पठारावर काही करायला उरत नाही. एन.ए. मध्ये योग्य गिअर निवडावा लागतो, इंजिन वरच्या फेऱ्यांत टिकवावं लागतं, नाहीतर ते तुम्हाला काही देत नाही. मागितल्याशिवाय न देणं हा यंत्राचा दोष आहे की गुण? पोहोचायचं असेल तर दोष, खेळायचं असेल तर गुण. बुद्धिबळातला घोडा सरळ चालत नाही म्हणून कोणी सुताराकडे तक्रार नेत नाही.

आणि हे मी तत्त्वज्ञ म्हणून ओढून-ताणून लावतोय असं समजू नका. फेरारीच्या अभियंत्यांनाही ते ठाऊक होतं. त्या ४८८ मध्ये त्यांनी काय केलं पाहा : ७६० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क फक्त सातव्या गिअरमध्ये द्यायचा. खालच्या गिअरमध्ये संगणक तो रोखून धरतो आणि फेऱ्यांबरोबर हळूहळू सोडतो, म्हणजे चालकाला चढ जाणवावा. लक्षात घ्या, हातात असलेली ताकद मुद्दाम झाकून जुन्या इंजिनाचा आकार तिला दिला. जी गोष्ट नुसती हळहळ असती तिच्यासाठी एवढा खटाटोप कोण करेल? अर्थात विरोधक म्हणतील, हळहळ विकली जाते म्हणून केला. तोही मुद्दा आहे. पण मग त्यांनी हे सांगावं की ती हळहळ नेमक्या याच आकाराची का आहे.

जाता जाता एक कबूल करतो. यातली एकही गाडी मी चालवलेली नाही, आणि समोर बसलेल्यांपैकीही बहुतेकांनी नसेल. आपल्याकडे आहे ते शब्दप्रमाण. पण नैयायिकांनी आप्ताची व्याख्या केलेलीच आहे : ज्याला विषय माहीत आहे आणि जो जसं आहे तसं सांगतो. अनेक जाणकार एकमेकांना न विचारता एकाच जागी बोट ठेवतात तेव्हा पिंपात किल्ली असण्याचा संभव वाढतो.

न्यायदर्शनाचा विषय निघालाच आहे तर आवाजाकडे वळू. टर्बोचं चक्र धुराच्या वाटेतच बसलेलं असल्याने ते आवाज शोषून घेतं. शिवाय इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं, त्यामुळे स्वर उतरतो. २०१४ साली फॉर्म्युला वनमध्ये १८००० फेऱ्यांची २.४ लिटर एन.ए. इंजिनं जाऊन १.६ लिटरची टर्बो इंजिनं आली. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीपासून आवाजाची ओरड सुरू झाली. ज्यांनी २०११ ते २०१३ च्या दरम्यान ग्रेटर नोएडाला जाऊन शर्यत पाहिली त्यांच्या कानात जुना आवाज असेल. त्या वर्षी मे महिन्यात मर्सिडीजने बार्सिलोनाच्या चाचणीत सायलेन्सरच्या तोंडाला चक्क कर्णा लावून पाहिला. काही साधलं नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांत दुसरी युक्ती निघाली. २०११ साली बीएमडब्ल्यू एम ५ मधलं दहा सिलिंडरचं एन.ए. इंजिन जाऊन आठ सिलिंडरचं टर्बो आलं, आणि इंजिनाचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून ऐकवला जाऊ लागला. शौकीन चिडले. प्रश्न असा, की कानाला आवाज चांगला लागत असेल तर तो कुठून येतो याने काय बिघडतं?

पर्वतावर धूर दिसला की आपण अग्नीचं अनुमान करतो. धूर सुंदर दिसतो म्हणून नव्हे, तो अग्नीशिवाय असत नाही म्हणून. चालकासाठी इंजिनाचा आवाज असाच धूर आहे. त्यावरून तो फेरे ओळखतो, गिअर कधी बदलायचा हे काट्याकडे न बघता ठरवतो. स्पीकरमधला आवाज म्हणजे नैयायिकांचं जुनंच उदाहरण झालं : धुक्याला धूर समजून अग्नीचं अनुमान. आता न्यायाने बोलायचं तर एम ५ चा आवाज निव्वळ धुकं नव्हता. तो इंजिनाच्या खऱ्या फेऱ्यांना बांधलेला होता, त्यामुळे त्यावरून काढलेलं अनुमान चुकत नव्हतं. मग चीड कशाची? साक्षीदार बदलला याची. घटना खरी असली तरी साक्षीदार पढवलेला आहे हे कळल्यावर आपलं मन त्याच्यावर बसत नाही. याच्या उलट टोकाचं उदाहरण लेक्सस एलएफए. तिचं दहा सिलिंडरचं एन.ए. इंजिन शांत फिरण्यापासून ९००० फेऱ्यांपर्यंत ०.६ सेकंदात पोहोचायचं. काट्याची तबकडी त्याच्या मागे धावू शकत नव्हती, म्हणून पडद्यावर चितारलेला काटा द्यावा लागला. तिच्या आवाजाला आकार द्यायला यामाहाची माणसं होती, तीच यामाहा जी पियानोही बनवते. म्हणजे तिथेही आवाज घडवलेलाच होता, पण तो हवेचा मार्ग घडवून. मला हा फरक खरा वाटतो, जरी त्याची सीमारेषा आखणं कठीण आहे.

आता दुसरी तक्रार, शुद्धतेची. इथे मला हार्मोनियमची आठवण होते. १९४० साली आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. विरोधकांचे आक्षेप दोन होते. एक : पेटीच्या सुरांमध्ये फटी आहेत, मींड निघत नाही, श्रुती जुळत नाहीत. दोन : वाद्य परदेशी आहे. पहिला आक्षेप कानाने तपासता येतो आणि तो खरा आहे. कितीही तयारीचा वादक असला तरी पेटीवर सारंगीसारखी मींड निघत नाही. दुसऱ्या आक्षेपात वाद्याच्या जन्मदाखल्यापलीकडे काही नाही. पण दोन्ही एका दमात म्हटले गेले, आणि त्यामुळे झालं काय, की ज्यांना दुसरा आक्षेप हास्यास्पद वाटला त्यांनी पहिलाही हसण्यावारी नेला. गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्या महाराष्ट्राने ऐकली त्याला "परदेशी" म्हणून कोण पटवणार?

टर्बोचं तसंच आहे. "टर्बो म्हणजे उसनी ताकद" हे वाक्य ऐकायला ठसकेबाज आहे, पण त्यात अर्थ काय? धुराबरोबर वाया जाणारी ऊर्जा वापरणं याला उसनवारी म्हणत नाहीत, काटकसर म्हणतात. शिवाय शुद्धतावाद्यांच्या देव्हाऱ्यात एफ ४० आहेच की. १९८७ सालची ही फेरारी म्हणजे त्यांच्या लेखी यंत्राच्या खरेपणाची परिसीमा, आणि तिला दोन टर्बो आहेत, लॅगसकट. त्या लॅगचं तर आता कौतुक होतं! आणखी गंमत ऐका. टोयोटा आणि सुबारू यांनी २०१२ साली दोन लिटरच्या एन.ए. इंजिनाची जोडगाडी काढली, तेव्हा अनेक शौकीन वर्षानुवर्षं मागत राहिले की हिला टर्बो लावा. पुढच्या पिढीत कंपनीने इंजिन २.४ लिटरचं केलं, टर्बो लावला नाही. तेव्हा "शुद्धता" हा शब्द सोडून द्यावा. प्रमाणबद्धता म्हणा, चढ म्हणा, साक्ष म्हणा. यातलं प्रत्येक तपासता येतं.

मग कंपन्यांनी इंजिनं बदलली ती का? शौकिनांना पटलं म्हणून नाही. २००९ साली युरोपीय संघाने नियम केला की २०१५ पर्यंत नव्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणायचा. प्रयोगशाळेतली परीक्षा हळुवार चालवण्याची, आणि हळुवार चालवताना लहान टर्बो इंजिन कमी पेट्रोल पितं. पाय दाबला की ते बचत विसरतं, पण परीक्षेत पाय दाबायचाच नव्हता. आपल्याकडेही रचना वेगळी, परिणाम तोच. २०१७ च्या जीएसटीत चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला उपकर कमी होता. म्हणून एक-सव्वा लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन गल्लोगल्ली दिसू लागलं. मी या नियमांच्या विरोधात नाही. शहरातल्या हवेपुढे ४५८ चा आवाज ही फार मोठी गोष्ट नव्हे. माझा मुद्दा एवढाच की रकान्यात जे मोजलं जातं त्यासाठी यंत्र घडतं, आणि ज्याला रकाना नाही ते गुपचूप गळतं. कोणी ठरवून काढलेलं नसतं.

कधी कधी ते परत येतं. २०१६ साली पोर्शेने बॉक्सस्टर आणि केमन या गाड्यांमधलं सहा सिलिंडरचं एन.ए. इंजिन काढून चार सिलिंडरचं टर्बो बसवलं. आकडे सुधारले, आवाजाला शौकिनांनी नावं ठेवली. काही वर्षांत त्याच गाड्यांच्या जीटीएस आवृत्तीत चार लिटरचं, सहा सिलिंडरचं एन.ए. इंजिन पुन्हा आलं. ९११ च्या नेहमीच्या गाड्यांनी २०१५ पासून टर्बो घेतला, पण जीटी ३ मात्र ९००० फेऱ्यांवर एन.ए. राहिली. म्हणजे ज्याला अनुभव हवा त्याने जास्त पैसे मोजायचे. एकेकाळी सर्वांना मिळणारी गोष्ट चैनीची होते ती अशी.

मागून एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. "सर, तात्काळ प्रतिसाद हाच जर एन.ए. चा गुण असेल, तर विजेची मोटर त्याहून तात्काळ आहे. मग शौकीन तिच्यावर का भाळत नाहीत?"

फार चांगला प्रश्न आहे. विजेच्या मोटरला श्वास घ्यायचाच नाही, त्यामुळे लॅगचा प्रश्नच मिटला. पाय आणि चाक यांच्यात एन.ए. पेक्षाही कमी अंतर. तरी एन.ए. चा कैवारी तिच्यापुढे गप्प होतो. यावरून त्याची खरी आवड उघडी पडते, आणि ती त्याने आतापर्यंत चुकीच्या नावाने सांगितली. त्याला तात्काळपणा नको होता, निदान नुसता नको होता. विजेची मोटर सगळं आधीच देते. तिला गिअर नाही, चढ नाही, वरच्या टोकाला जाऊन मिळवायचं असं काही नाही. टर्बोच्या पठाराबद्दल जी तक्रार होती तीच इथे पूर्ण रूपात आली. २०२३ साली ह्युंदाईने आयोनिक ५ एन नावाची विजेची गाडी काढली, तिच्यात नसलेले गिअर बदलल्यासारखे झटके बसतात आणि स्पीकरमधून नसलेल्या इंजिनाचा आवाज येतो. आधी सांगितलेल्या धूर आणि धुक्याच्या हिशेबाने हे धुकंच. इथे तर पर्वतावर अग्नीच नाही. मात्र एक फरक आहे. त्या खोट्या गिअरमध्ये चालक चुकला, वेळेवर बदलला नाही, तर गाडीचा जोर खरोखर अडतो. म्हणजे आवाज खोटा, पण अडचण खरी. बुद्धिबळाच्या घोड्याची चालही कुठल्या खऱ्या घोड्यावरून आलेली नाही, आणि तरी ती मोडता येत नाही. तेव्हा याला फसवणूक म्हणायचं की खेळाचा नियम, हे ठरवताना मला तरी आधी आवाज बाजूला ठेवून त्या अडचणीकडे बघावंसं वाटतं.